मापाने भरायचे, वजनाने जोखायचे

९ मिलिमीटर पिस्तुलाच्या काडतुसात दारू असते ती साधारण चार ते सहा ग्रेन. ग्रेन हे जुने इंग्रजी वजन, सुमारे ६५ मिलिग्रॅमचे. सराफी हिशेबात एका तोळ्यात ९६ गुंजा आणि १८० ग्रेन. पाच ग्रेनचा भार धरला तर तोळाभर दारूत ३६ काडतुसे भरून होतात; एका काडतुसाच्या वाट्याला तीन गुंजाही येत नाहीत. एवढ्याशा दारूने नळीत जो दाब तयार होतो, त्याची अमेरिकी उद्योगाने ठरवलेली कमाल मर्यादा दर चौरस इंचाला ३५,००० पौंड आहे. म्हणून प्रत्येक पुंगळीत तेवढीच दारू कशी पडेल, या प्रश्नाने काडतूस भरणाऱ्यांना दीडशे वर्षे कामाला लावले आहे.

अनेक देशांत नेमबाज वापरलेल्या पुंगळ्या गोळा करतात आणि दारू पेटवणारा नवा प्रायमर, नवी दारू व नवी गोळी बसवून घरीच काडतुसे पुन्हा भरतात. आपल्याकडे परवान्याशिवाय हे करता येत नाही. तरीही हा प्रश्न आपलाच आहे. देशातील काडतुसे आणि त्यांची दारू बनवणारे महत्त्वाचे कारखाने महाराष्ट्रात आहेत. मापाने पूड भरून वजन एकसारखे राखण्याचे शास्त्र तर छत्रपती संभाजीनगरात रोज तिन्ही पाळ्यांत चालते, ते औषधांच्या कारखान्यांत. या सगळ्याचा एकत्र आढावा घेतला की एक गोष्ट ठळकपणे समोर येते. एकसारखेपणा तराजूतून येत नाही. तो दाण्याच्या घडणीतून, भरण्याच्या हालचालीतून आणि तपासणीच्या शिस्तीतून येतो. तराजू फक्त निकाल सांगतो.

तोफेचा बार

छत्रपती संभाजीनगरपासून पंधरा किलोमीटरवर, दौलताबादच्या बुरुजावर मेंढा तोफ आहे. मागच्या टोकाला मेंढ्याचे मस्तक, अंगावर फारसी लेख आणि ‘किलेशिकन’, म्हणजे किल्ला फोडणारी, हे नाव. अशा तोफेचा बार भरताना दारू लांब दांड्याच्या पळीने मोजून नळीत सोडायची, ठासणीने ठासायची, वर गोळा बसवायचा, कानात रंजक भरायचे आणि बत्ती द्यायची. किती दारू, हे गोळ्याच्या वजनाच्या प्रमाणात ठरे. म्हणजे माप होते ते आकारमानाचे. तराजू बुरुजावर नव्हता.

हे चालून जाई, कारण काळी दारू बऱ्यापैकी सोशिक असते. सोरा सुमारे ७५ भाग, कोळसा १५ आणि गंधक १० हे तिचे रूढ प्रमाण. सुरुवातीला ती पिठासारखी बारीक असे. जोरात ठासली तर ज्योतीला आत शिरायला वाट राहत नसे आणि वाहतुकीच्या हादऱ्यांनी घटक वेगळे होत. पंधराव्या शतकात युरोपात दारू ओली करून तिचे दाणे पाडण्याची पद्धत रुळली. दाण्यांमधल्या फटींतून ज्योत एकदम पसरू लागली, घटक एकमेकांना धरून राहिले आणि पळीभर दारू म्हणजे दर वेळी जवळपास तेवढीच दारू असे म्हणता येऊ लागले. एकसारख्या भाराकडचे पहिले मोठे पाऊल दाण्याच्या घडणीत पडले.

दुसरे पाऊल मोजमापाचे. १७४२ मध्ये बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने तोफशास्त्रावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. टांगलेल्या जड लंबकावर गोळी झाडायची, लंबक किती झुलला ते पाहायचे आणि त्यावरून गोळीचा वेग काढायचा, ही त्याची रीत. तोवर भार बरोबर होता की नाही हे गोळा कुठे पडला त्यावरून ठरे. आता नळीतून निघालेल्या गोळीचा वेगच आकड्यात हाती आला.

तिसरे पाऊल म्हणजे मोजण्याचे काम रणांगणावरून उचलून दारूखान्यात नेणे. कापडी पिशवीत आधीच तोलून भरलेला भार आणि कागदी काडतुसे यांनी ते साधले. महादजी शिंदे यांनी डी बॉयन या युरोपीय सेनानीच्या हाताखाली जी कवायती फौज आणि तोफखाना उभा केला, त्याची ताकद अशाच शिस्तीत होती. १८५७ च्या असंतोषात ज्या एनफिल्ड काडतुसाचे नाव आले, त्याच्या कागदी वेष्टणात ६८ ग्रेन काळी दारू मोजून भरलेली असे. शिपायाने मोजायचे काही उरले नव्हते. फाडायचे, ओतायचे आणि ठासायचे.

पुंगळी रिकामी राहू लागली

१८८४ मध्ये पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू तयार केली. १८८७ मध्ये आल्फ्रेड नोबेलची बॅलिस्टाइट आली, १८८९ मध्ये ब्रिटिशांची कॉर्डाइट. नवी दारू काळ्या दारूपेक्षा कितीतरी जोरकस होती, त्यामुळे तोच वेग मिळवायला ती थोडीशीच लागू लागली. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांपुढचा आजचा पेच इथेच सुरू झाला.

०.३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे काडतूस १८९६ चे, ०.३८ स्पेशल १८९८ चे. दोन्ही काळ्या दारूच्या जमान्यात बेतलेली, म्हणून त्यांच्या पुंगळ्या प्रशस्त आहेत. काळी दारू गोळीच्या बुडापर्यंत भरली जाई, म्हणजे पुंगळी हेच माप होते आणि चुकून दुप्पट भार भरणे शक्यच नव्हते. बिनधुराच्या दारूने ही आयती राखण काढून घेतली. निशाणबाजीसाठी वापरल्या जाणाऱ्या सपाट तोंडाच्या गोळीमागे ०.३२ मध्ये जेमतेम दीड-दोन ग्रेन दारू असते. ती पुंगळीच्या तळाशी पडून राहते आणि वर बरीच जागा मोकळी राहते. त्या जागेत दुप्पट भार सहज मावतो आणि तो बाहेरून दिसत नाही.

शेकडेवारीचा हिशेबही इथेच बदलतो. ०.१ ग्रेन, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम, इकडे-तिकडे झाले तर ५० ग्रेन भाराच्या मोठ्या रायफल काडतुसात तो फरक ०.२ टक्के. पाच ग्रेनच्या पिस्तूल काडतुसात तोच २ टक्के होतो आणि दोन ग्रेनच्या ०.३२ मध्ये ५ टक्के. भार जितका लहान, तितकी तीच चूक मोठी.

खडकी, वरणगाव, भंडारा

महाराष्ट्रात या विषयाचा पत्ता म्हणजे पुण्याजवळची खडकी. तिथली दारूगोळा निर्माणी १८६९ पासूनची. रिकाम्या पुंगळीच्या बुडावर ‘केएफ’ ही इंग्रजी अक्षरे दिसली की काडतूस खडकीचे, हे परवानाधारक आणि नेमबाज ओळखतात. जळगाव जिल्ह्यातील वरणगावची निर्माणी लष्करी रायफलींची काडतुसे बनवते. भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या निर्माणीत आणि निलगिरीतील अरुवंकाडूच्या जुन्या कॉर्डाइट कारखान्यात दारू तयार होते. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळाचे सात सरकारी कंपन्यांत विभाजन झाले आणि हे चारही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेले. या कंपनीचे मुख्यालय पुण्यातच आहे.

या कामाची जोखीम काय असते, हे २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या स्फोटाने पुन्हा दाखवले. कामगारांचे जीव गेले. मैदानावर ज्या दीड-दोन ग्रेनची आपण चर्चा करतो, ते तयार करणारे हात रोज त्याच्या कितीतरी पट दारूजवळ असतात, याचे भान नेमबाजाने ठेवायलाच हवे.

काडतुसांच्या कारखान्यात प्रत्येक भार तराजूवर तोलत बसणे परवडत नाही. तिथे दारू मापाने भरली जाते. ठरावीक जाडीच्या पट्टीत किंवा तबकडीत ठरावीक व्यासाचे भोक, ते दारूच्या साठ्याखाली आले की भरते, पुढे सरकले की वरची दारू सपाट कापली जाते आणि पुंगळीवर पोचले की भार खाली पडतो. मग प्रत्येक लॉटमधून नमुने काढून त्यांचे वजन, वेग आणि नळीतील दाब मोजला जातो. दारूचा नवा लॉट आला की माप पुन्हा बसवावे लागते, कारण नाव तेच असले तरी दोन लॉटची घनता आणि जळण्याची गती थोडी वेगळी असते.

मापकाच्या आत काय घडते

घरी काडतूस भरण्याची परंपरा असलेल्या देशांत लोक जे मापक वापरतात, ते याच तत्त्वाचे धाकटे रूप. वर दारूचा उभा नळा, खाली आडवा दंडगोल आणि त्या दंडगोलात स्क्रूने कमी-जास्त होणारी पोकळी. मूठ वर केली की पोकळी नळ्याखाली येते आणि भरते. मूठ खाली आणली की पोकळी उलटते आणि दारू पुंगळीत पडते. सगळी करामत त्या एका फेरीत आहे आणि सगळ्या चुकाही तिथेच आहेत.

पहिली चूक दाण्याच्या आकारातून येते. पिस्तुलाची दारू तीन रूपांत मिळते. चपट्या चकत्या, गोल किंवा दाबलेले गोल दाणे आणि बारीक कापलेल्या नळ्या. गोल दाणे पाण्यासारखे वाहतात आणि चांगल्या मापकातून साधारण ०.१ ग्रेनच्या आत पडतात. मोठ्या चकत्या एकमेकींवर आडव्या-तिरप्या बसतात, मधे पोकळ्या राहतात आणि दंडगोलाची कड फिरताना काही चकत्या कापल्या जातात. ती कापण्याची बारीक करकर मुठीला जाणवते. ज्या फेरीत ती जाणवली, तो भार वेगळा तोलून पाहावा, असा जाणत्यांचा रिवाज आहे.

दुसरी चूक दारू बसण्याची. धान्य मापताना पायली हलवून भरली की तीत जास्त धान्य मावते, दारूचेही तसेच. मूठ हळू फिरवली, जोरात आपटली किंवा मधेच थांबवली, तर पोकळीत बसणारी दारू बदलते. यंत्राच्या हादऱ्याने नळ्यातील दारू दबत जाते आणि तासाभराने भार चढतो. म्हणून सुरुवातीचे काही भार परत नळ्यात ओततात, दारू जराशी बसू देतात आणि मगच मोजायला लागतात. त्यानंतर प्रत्येक फेरी त्याच वेगाने आणि दोन्ही टोकांना त्याच हलक्या ठोक्याने करायची, एवढाच नियम.

तिसरी चूक साठ्याच्या उंचीची. नळा काठोकाठ भरलेला असताना खालच्या दाण्यांवर भार जास्त पडतो, रिकामा होत आला की कमी. नळ्यात मधे एक अडसर-पट्टी बसवली की वरचे ओझे थेट पोकळीवर येत नाही. पट्टी असो वा नसो, नळा अर्ध्याखाली जाऊ द्यायचा नाही.

चौथी चूक हवेची. नायट्रोसेल्युलोजची दारू ओल धरते आणि सोडते. कोरडी पडलेली दारू जास्त चपळाईने जळते, ओलसर दारू मंदावते. त्यामुळे वजन तेच राहूनही दाब बदलू शकतो. मराठवाड्यातील एप्रिल-मेची कोरडी हवा आणि श्रावणातील दमट हवा यांत अशी पूड एकसारखी वागेल, ही अपेक्षाच चुकीची. कोरड्या हवेत स्थिर विद्युतही त्रास देते. प्लॅस्टिकच्या नळ्याला आणि नरसाळ्याला दाणे चिकटतात, एका भारातून गळतात आणि पुढच्या भारात पडतात. म्हणून भाग धातूचे असावेत, जमिनीशी जोडलेले असावेत आणि दारूचा डबा घट्ट बंद असावा.

तराजू आणि सरासरीचा फसवा दिलासा

तराजू दोन प्रकारचे. दांडीचा जुना तराजू हळू चालतो, पण तो सपाट जागी ठेवला आणि वाऱ्यापासून जपला तर वर्षानुवर्षे खरे सांगतो. लहान इलेक्ट्रॉनिक तराजू पटकन आकडा दाखवतो, पण तो तापायला वेळ घेतो, शून्यावरून सरकतो, पंख्याच्या झुळकीने ढळतो आणि शेजारच्या मोबाइलनेही बिथरू शकतो. स्वस्त तराजूवर ०.१ ग्रेनपर्यंतचा आकडा दिसतो याचा अर्थ त्याला ०.१ ग्रेन कळतो असा नाही. ज्या वजनाचा भार भरायचा, त्याच्या जवळपासचे प्रमाणित वजन वारंवार ठेवून पाहणे हा त्यावरचा उपाय. पाच ग्रेनसाठी ५० ग्रॅमच्या वजनाने केलेली पडताळणी फार कामाची नाही.

यापेक्षा मोठा धोका सरासरीत आहे. मापक बसवताना दहा भार एकत्र तोलून दहाने भागण्याची रीत आहे. सरासरी काढायला ती उत्तमच, कारण तराजूची लहान चूक दहांत वाटली जाते. पण पाच भार ४.८ ग्रेनचे आणि पाच ५.२ ग्रेनचे असले तरी बेरीज ५० च येते आणि माप अगदी अचूक आहे असे वाटते. सरासरी मापाची जागा सांगते, त्याची पसरण सांगत नाही. पसरण कळायला प्रत्येक भार स्वतंत्र तोलावा लागतो आणि त्यावरून प्रमाण विचलन काढावे लागते. सर्वांत जड आणि सर्वांत हलक्या भारातील अंतर पाहणे सोपे असते, पण नमुने वाढवले की ते अंतर वाढतच जाते. पाच भारांवरून काढलेले अंतर आणि पन्नासांवरून काढलेले अंतर शेजारी ठेवून तुलना करणे चूक आहे.

निशाणावर किती फरक पडतो

इतका खटाटोप करून निशाणावर काय मिळते, याचा हिशेब मांडायलाच हवा. सेंटर फायर पिस्तूल या स्पर्धाप्रकारात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर व्यासाची काडतुसे चालतात, अंतर २५ मीटर. याच प्रकारात जसपाल राणा यांनी १९९४ च्या हिरोशिमा आणि २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले. अचूकतेच्या फेरीत निशाणावरील दहाच्या वर्तुळाचा व्यास ५० मिलिमीटर असतो.

गोळीचा वेग सेकंदाला २३० मीटर धरला तर २५ मीटर कापायला तिला साधारण ०.११ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती सुमारे ५८ मिलिमीटर खाली येते. वेग ५ टक्क्यांनी घटला तर हे अंतर ६४ मिलिमीटर होते. फरक झाला जेमतेम ६ मिलिमीटरचा, २५ मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात. प्रत्यक्षात आणखी एक गोष्ट घडते. हळू जाणारी गोळी नळीत जास्त वेळ राहते, तोवर धक्क्याने नळी किंचित उचललेली असते आणि गोळी थोडी वरच्या दिशेने सुटते. कमी वेगाने झालेली घट काही अंशी, कधी पूर्णही, अशी भरून निघते.

म्हणजे पिस्तुलाच्या अंतरावर ०.१ ग्रेनच्या फरकाने दहाचा नऊ होण्याची शक्यता थोडी. गोळी पुंगळीत किती खोल बसली, पुंगळीचे तोंड तिला किती घट्ट धरते, प्रायमर किती एकसारखा पेटतो आणि नळीशी गोळीचे किती जमते, या गोष्टी अनेकदा भाराच्या वजनापेक्षा जास्त बोलतात. ९ मिलिमीटरसारख्या आखूड पुंगळीत गोळी थोडी जास्त आत बसली तरी जळण्याची जागा कमी होते आणि दाब झपाट्याने चढतो. ०.३२ किंवा ०.३८ सारख्या प्रशस्त पुंगळीत दारू प्रायमरकडे आहे की गोळीकडे, यानेही वेग बदलतो. नळी खाली झुकवून मग वर आणली आणि झाडली, की वर करून मग खाली आणली, एवढ्यानेही फरक पडतो.

मग भार एकसारखा का हवा? सुरक्षेसाठी. दारू वाढली की वेग थोडा वाढतो, दाब मात्र त्याहून जास्त प्रमाणात वाढतो. मर्यादेच्या जवळ भरलेल्या काडतुसात वरच्या बाजूची चूक परवडत नाही. याहून भयंकर चुका दोनच आणि दोन्हींचा दशांश ग्रेनशी काही संबंध नाही. एक म्हणजे दारू पडलीच नाही. नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर अडकते आणि पुढची गोळी तिच्यावर आदळली की नळी फुगते किंवा फाटते. दुसरी म्हणजे दुप्पट भार. जिथे काडतुसे भरणे कायदेशीर आहे, तिथला पहिला नियम म्हणूनच तराजूचा नाही, डोळ्यांचा आहे. गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत उजेडाखाली डोकावून पाहायचे. दारू पुरेशी जागा व्यापेल आणि दुप्पट झाली तर सांडेल, अशी फुगीर दारू निवडणे हाही याच विचाराचा भाग.

वाळूजमध्ये रोज चालणारा धडा

हा सगळा प्रश्न छत्रपती संभाजीनगरात दुसऱ्या रूपात रोज सुटतो. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत औषधांचे कारखाने आहेत. वोक्हार्ट आणि ल्युपिन ही त्यांतली सर्वांना माहीत असलेली नावे. टॅब्लेट बनवताना पूड मापानेच भरली जाते आणि कायदा वजन विचारतो.

टॅब्लेटच्या फिरत्या यंत्रात गोल मेजाला ओळीने साचे असतात. साचा हॉपरच्या खालच्या चौकटीत शिरतो, खालचा पंच थोडा खाली उतरतो आणि पोकळीत पूड भरते. मग पंच ठरलेल्या उंचीपर्यंत वर येतो, जादा पूड बाहेर ढकलतो आणि पाते ती सपाट कापून टाकते. त्या क्षणी साच्यात जेवढी पूड उरली, तेवढेच टॅब्लेटचे वजन. पुढे वरचा पंच दाब देतो आणि टॅब्लेट बाहेर पडते. काडतुसाच्या मापकात दंडगोलाची कड जे करते, तेच इथे पाते करते.

फरक आहे तो तयारीत. औषधशास्त्र आधी पुडीला वळण लावते. पूड बारीक आणि चिकट असेल तर ओली किंवा कोरडी पद्धत वापरून तिचे दाणे पाडतात. वाहण्यासाठी कोलॉइडल सिलिका आणि चिकटू नये म्हणून मॅग्नेशियम स्टिअरेट घालतात. मग सैल भरलेल्या आणि आपटून बसवलेल्या पुडीच्या घनतेचे गुणोत्तर काढतात. त्याला हाउसनर गुणोत्तर म्हणतात. ते १.११ पर्यंत असेल तर पूड उत्तम वाहते, १.२५ च्या पुढे गेले की तिच्यावर विश्वास कमी होत जातो. दारूच्या दाण्याबद्दल नेमबाज जे मुठीने ओळखतो, ते इथे एका आकड्यात लिहिलेले असते.

तपासणीचा नियमही नेमका आहे. इंडियन फार्माकोपियानुसार २० टॅब्लेट एकेक करून तोलायच्या. सरासरी वजन ८० मिलिग्रॅम किंवा कमी असेल तर १० टक्के, ८० ते २५० मिलिग्रॅमच्या दरम्यान ७.५ टक्के आणि २५० किंवा जास्त असेल तर ५ टक्के विचलन चालते. ही मर्यादा ओलांडणाऱ्या टॅब्लेट दोनपेक्षा जास्त नकोत आणि दुप्पट मर्यादा तर एकीनेही ओलांडायची नाही. या नियमात दोन शहाणपणाच्या गोष्टी आहेत. वजन लहान तर सूट मोठी, कारण लहान भारात तीच चूक जास्त टक्क्यांची होते. आणि सरासरी बरोबर असणे पुरेसे नाही. एकटी टॅब्लेटसुद्धा फार लांब जाता कामा नये.

आधुनिक यंत्रे याच्याही पुढे गेली आहेत. प्रत्येक टॅब्लेट दाबताना किती जोर लागला ते यंत्र मोजते. साच्यात पूड जास्त असेल तर जोर जास्त लागतो, कमी असेल तर कमी. त्यावरून यंत्र माप आपोआप सावरते आणि संशयास्पद टॅब्लेट बाजूला काढते. तोलणे नमुन्यांचे, पण नजर प्रत्येक टॅब्लेटवर. काडतुसाच्या बाबतीत पुंगळीतील दारूची उंची अजमावून, ती शून्य किंवा दुप्पट असली तर यंत्रच अडवणारा तपासक बसवतात, तो याच जातीचा.

कायदा आणि इथला नेमबाज

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय शस्त्रे किंवा काडतुसे बनवता येत नाहीत आणि कलम ३ नुसार परवान्याशिवाय ती बाळगताही येत नाहीत. दारू बाळगण्यासाठी स्फोटक अधिनियम १८८४ आणि स्फोटक नियम २००८ यांची वेगळी चौकट आहे. ती सांभाळणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरात आहे. ९ मिलिमीटरचे शस्त्र सर्वसामान्य परवानाधारकाला मिळत नाही. त्याच्या वाट्याला येते ते प्रामुख्याने ०.३२. त्यामुळे घरी पुंगळ्या भरण्याचा विचार इथे कुणी करू नये, हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. पुंगळीत डोकावायची सवय नसलेल्या हातांनी, दारूचा लॉट आणि दाबाचे आकडे माहीत नसताना केलेला असा प्रयोग स्वतःच्या आणि शेजारच्याच्याही जिवावर बेततो.

तरीही नेमबाजाच्या हाती बरेच असते. शिकाऊ मुले सुरुवात करतात ती १० मीटर एअर पिस्तुलाने. तिथे दारू नसते, पण प्रश्न तोच. टाकीतील हवेचा दाब उतरत गेला तरी प्रत्येक फटक्यामागे हवा तेवढीच सुटावी, हे काम रेग्युलेटर करतो. तो कुरकुरू लागला की वेगाची पसरण वाढते. वेगमापकावर अधूनमधून पाहून ते पकडता येते.

पुढचा टप्पा ०.२२ चा. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण आणि स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकले, ते याच काडतुसावर. त्याचे स्फोटक मिश्रण पुंगळीच्या कडेत असते, म्हणून ते पुन्हा भरण्याच्या कामाचेच नाही. त्याचा एकसारखेपणा विकतच घ्यावा लागतो. जगातील अव्वल नेमबाज कारखान्याच्या तपासणी केंद्रात जाऊन आपली नळी शिकंज्यात पक्की करतात, वेगवेगळ्या लॉटची काडतुसे झाडून पाहतात आणि ज्या लॉटच्या गोळ्यांचा निशाणावरचा घोळका सर्वांत लहान, त्याचा साठा घेतात.

तेवढे सर्वांना शक्य नाही, पण त्यामागची पद्धत प्रत्येकाला शक्य आहे. खोक्यावरचा लॉट क्रमांक वहीत लिहावा. एकाच लॉटची काडतुसे स्पर्धेसाठी राखावीत. आधार देऊन झाडलेल्या गोळ्यांचा घोळका लॉटवार जपावा. काडतुसे मे महिन्याच्या उन्हात गाडीत ठेवू नयेत, कारण तापलेली दारू जोरात जळते आणि सावलीत तपासलेला लॉट उन्हात वेगळा वागतो. आवाज नेहमीपेक्षा मंद आला तर हात थांबवावा, शस्त्र रिकामे करावे आणि नळी आरपार दिसते का ते पाहावे. हा शेवटचा नियम परवानाधारकालाही तितकाच लागू आहे.

मागणी काय करायची

इथल्या नेमबाजाला परवान्याशिवाय दारू मोजण्याची मुभा नाही, हे सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच आहे. पण ज्याला स्वतः मोजता येत नाही, त्याला मोजलेले आकडे मिळायला हवेत. औषधाच्या पट्टीवर बॅच क्रमांक असतो आणि त्यामागे वीस टॅब्लेटच्या वजनांची नोंद. काडतुसांच्या खोक्यावर लॉट क्रमांकाबरोबर त्या लॉटचा सरासरी वेग आणि वेगाचे प्रमाण विचलन छापले, तर नेमबाजाला निवड करता येईल आणि कारखान्यालाही आपल्या शिस्तीचे श्रेय मिळेल. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. लॉट बाहेर सोडण्यापूर्वी मोजलेलेच आकडे छापायचे.

महाराष्ट्रात काडतूस आहे, दारू आहे, स्फोटकांवर देखरेख करणारी संस्था आहे आणि पूड मापण्यात तरबेज झालेले औषधशास्त्रही आहे. खडकीचा काडतूस-तंत्रज्ञ आणि वाळूजचा औषध-तंत्रज्ञ एकाच मेजाशी बसले, तर स्पर्धेच्या दर्जाचे ०.३२ काडतूस इथेच तयार होऊ शकते, असे मला मनापासून वाटते. राज्यातील नेमबाजी संघटनांनी आणि प्रशिक्षकांनी ही मागणी लेखी करावी. लॉटवार नोंदीच्या वह्या तिला जोडाव्यात. आकडे समोर असले की अशी मागणी टाळणे कुणालाही कठीण जाते.